ताई, हे ओव्हनमध्ये चालेल ना?

भांड्यांच्या दुकानात दोन गोष्टी कितीही झाडा, संध्याकाळपर्यंत परत साचतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ निदान फडक्याने निघते, किस्से मात्र घरी घेऊन जावे लागतात. माझा नवरा तर हात जोडतो, "संगीता, पगार कमी आण, पण आज तरी कोणाची रडकथा आणू नकोस!" मी म्हणते, ऐकायचं नसेल तर कानात बोळे घाल, मी सांगणार.

मी राहते अंबरनाथला, शिवमंदिराच्या बाजूला. उल्हासनगरात मुरलीसेठच्या दुकानात काउंटर सांभाळते. माझ्याबरोबर शुभांगी, जांभूळ गावातली. आम्ही दोघी एकाच महिन्यात कामाला लागलो, एकाच डब्यात जेवतो आणि रोज निदान एकदा भांडतो.

पूर्वी कुकर आणि कढया विकायचो. आता घरोघरी ओव्हन आले, मोबाईलवर बघून बघून सगळ्यांना पिझ्झा घरी करायचाय. म्हणून आमच्या काउंटरवर स्किलेट आणि ग्रिल पॅन आले. स्किलेट म्हणजे उंच काठाचा जाड तवा, गॅसवरून उचलून सरळ ओव्हनमध्ये सरकवायचा. ग्रिल पॅन म्हणजे तसाच, पण आत उभ्या रेघा, पनीरवर काळे पट्टे उठवायला. निवडायचं कसं, तर दांडी बघा, झाकणाची गुंडी बघा, वजन बघा. प्लास्टिक असेल तर वितळणार. इतकं सोपं आहे. तरी माणसं चुकतात!

* * *

आमच्या शिवमंदिराकडचेच एक काका. बँकेतून रिटायर झालेले. बायकोच्या वाढदिवसाला ओव्हन घेतला, मग स्किलेट घ्यायला आले. मी बिडाचं दाखवलं, दांडीसकट एकसंध ओतलेलं, पिढ्या जातील पण त्याला काही होणार नाही असं. काकांना आवडलं दुसरंच. लाल प्लास्टिकच्या दांडीचं, नाजूक.

"काका, दिसायला छान आहे, पण ओव्हनमध्ये दांडी वितळेल," मी म्हटलं.

"बरं बरं," म्हणाले, आणि तेच घेऊन गेले. भांडं घ्यायला आले होते की मुलगी बघायला, देव जाणे!

पुढच्या आठवड्यात परत हजर. दोन्ही हातांना बँडेज. कोपराने पिशवी पुढे ढकलली. मी स्किलेट बाहेर काढलं तर त्याला दांडीच नाही. हॅक्सॉ लावून मुळापासून कापलेली!

"तुम्हीच म्हणालात ना दांडी वितळते? म्हणून काढूनच टाकली. आता अगदी मस्त जातं ओव्हनमध्ये," काका म्हणाले. "फक्त बाहेर कसं काढायचं तेवढं सांगा."

शुभांगी हसता हसता स्टुलावरून पडायची बाकी राहिली. पाणी प्यायली, परत हसली. शुभांगी हसायची त्या दिवसांतली ही गोष्ट आहे.

* * *

शुभांगीला एकच मुलगी, अश्विनी. लग्न करून बदलापूरला दिली. जावई सचिन कंपनीत सुपरवायझर, मोठ्या टॉवरमध्ये फ्लॅट, सासू हौशी, सगळं बघूनच दिली. पहिली दिवाळी झाली आणि मुलीला माहेरी पाठवणं बंद झालं. फोन केला तर स्पीकरवर. एकदा शुभांगी न कळवता गेली, तर सासूने उंबऱ्यातूनच सांगितलं, "ती झोपलीये." भरदुपारी! आत भांडी घासल्याचा आवाज येत होता म्हणे.

एके दिवशी काउंटरवरच अश्विनीचा फोन आला. शुभांगीने गिऱ्हाईक सोडून उचलला. मी शेजारीच होते, मला सगळं ऐकू आलं.

"आई, तुमच्या दुकानात सगळ्यात हलकं स्किलेट कुठलं गं? एका हाताने उचलता येईल असं."

"अॅल्युमिनियमचं आहे की. पण हलकं कशाला गो बाय?"

"असंच." आणि फोन कट.

मी आपली म्हटलं, "चांगलंय ना, लेक केक-बिक करायला लागली!"

शुभांगी माझ्याकडे बघतच राहिली. "संगे, ही पोर माझ्याबरोबर बोअरवरून पाणी भरायची. एक हंडा डोक्यावर, एक कमरेवर, वर मैत्रिणींशी गप्पा. तिला हलकं कशाला पाहिजे?"

त्या दिवसापासून शुभांगीच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. पोरीने एकदा, फक्त एकदा, तोंड उघडून सांगावं. मग मी बघते, म्हणायची. पण पोर बोलेना. "बरी आहे" आणि "असंच", या दोन शब्दांवर तिचा संसार चालला होता. शुभांगीच्या नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "नांदायला दिलीय तिला. घरात भांड्याला भांडं लागतंच." मी असते तर त्याच्याच डोक्याला भांडं लावलं असतं!

* * *

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या नावाने भांडी वाटतात. आम्हा बौद्धांत नावाच्या आधी 'कालकथित' घालतात, बाकीच्यांत 'कै.' घालतात. वाट्या, ताटल्या, डबे. दुकानात नाव कोरायचं मशीन आहे, ते दिवसभर गुरगुरत असतं. लग्नाचं नाव आणि मयताचं नाव, एकाच सुईने.

मोरिवलीचे एक कांबळे आले. एमआयडीसीत कामाला, डोळे सुजलेले, बरोबर बहीण. बायकोच्या जलदानविधीला वाटायला वाट्या घेतल्या. मी नाव लिहून घेतलं. जाता जाता कांबळे थांबले आणि त्यांनी वरच्या फळीवरच्या ग्रिल पॅनकडे बोट केलं.

"तो एक द्या. त्याच्यावरही नाव टाका."

मुरलीसेठ गल्ल्यावरून म्हणाला, "साईं, उसपे कोटिंग है. नाव टाकलं तर निघून जाएगा, फिर पॅन किसी काम का नहीं."

"चालेल," कांबळे म्हणाले.

शेवटी आम्ही दांडीच्या पत्र्यावर नाव कोरलं. 'कालकथित'च्या पुढे नाव जेमतेम मावलं. कांबळेंनी पॅन हातात घेतला, आतल्या रेघांवरून बोट फिरवलं. बहीण वैतागली बिचारी, तिला घरची हजार कामं पडलेली.

"अरे दादा, पण याचं करायचं काय?"

"तिलाही मी हेच विचारायचो," कांबळे म्हणाले. "दर वेळी."

* * *

आता एक हलका सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्या नवऱ्यासारखे हात जोडाल.

लोकांना ओव्हन म्हणजे कपाट वाटतं. त्यात पापड ठेवतात, बिस्किटं ठेवतात, उरलेल्या पोळ्या ठेवतात. बदलापूरच्या एका बाईंनी चोरांच्या भीतीने दागिन्यांचा प्लास्टिकचा डबा ठेवला होता. "चोर कपाट उघडेल, ओव्हन कशाला उघडेल?" बरोबर आहे म्हणा. चोराने उघडलाच नाही. नवऱ्याने नवीन स्किलेट टेस्ट करायला खालच्या जाळीवर सरकवलं आणि ओव्हन तापत लावला, वर न बघता!

बाई ते स्किलेट घेऊन दुकानात आल्या. वरच्या जाळीवरचा डबा वितळून खालच्या स्किलेटमध्ये गळलेला आणि त्या निळ्या प्लास्टिकमध्ये मंगळसूत्र रुतून बसलेलं. मणी फुटलेले, दोरा जळालेला, वाट्या तेवढ्या दिसत होत्या. मला वाटलं आता भांडणार. पण बाई शांतपणे म्हणाल्या, "पॅन खरंच ओव्हनसेफ निघालं हो ताई. मंगळसूत्र नाही निघालं!"

सगळं दुकान हसलं. सेठ तर खोकला येईपर्यंत हसला. शुभांगी हसली नाही. बाई वाट्या सोडवून घेऊन गेल्यावर तिने ते स्किलेट उचललं आणि मागे नेऊन ठेवलं.

* * *

एक जोडपं आलं होतं अंबरनाथहून. नवरा कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करणारा, तब्येतीने दणकट. बायको एकेक ग्रिल पॅन उलटा करून बघतेय आणि हा बाजूला, हात खिशात घालून.

शुभांगी सवयीने म्हणाली, "दादा, नुसतं बघताय काय? हातात घेऊन बघा. वजन हातालाच कळतं."

त्याने खिशातून हात काढला. मधली दोन बोटं नव्हती. शुभांगीने जीभ चावली. मी उगीचच फडकं घेऊन काच पुसायला लागले.

"घाबरू नका हो ताई," तोच हसला. "दोन्ही बाजूंना कान असलेलं काहीतरी द्या. एका दांडीवर आता माझा भरवसा नाही."

बायकोने पॅनमधून मान वर न काढता सांगितलं, "ओव्हनसेफ आहे ना तेवढं नीट बघा हो. हँडसेफ तर यांना कंपनीत पण कोणी दिलं नाही!"

ती दोघं हसत हसत भांडत गेली. दोन कानांचं बिडाचं स्किलेट घेऊन. मागे वळले तर शुभांगी गोडाऊनच्या दारात बसलेली. मी म्हटलं काय झालं, तर म्हणाली, "आमच्या नात्यातल्या लग्नात अश्विनी दिसली परवा. तिचा उजवा हात असाच, पदराच्या आत. सगळं लग्न लागेपर्यंत बाहेर काढला नाही तिने. अक्षतासुद्धा टाकल्या नाहीत."

"मग विचारलंस ना?"

"विचारलं. म्हणाली मुरगळलाय. आणि सांगताना माझ्याकडे नाही, सासूकडे बघत होती."

मला राग आला. तिचा नाही, त्या पोरीचा. बोल ना गं बाई! आई समोर उभी आहे, मांडव भरलाय, आता नाही बोलायचं तर कधी? पण राग करून काय होतंय? ज्याच्या घरात राहायचं, त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलायचं म्हणजे सोपं नसतं.

* * *

आमच्या कामात घरी जाऊन डेमो द्यायचा असतो. ज्या घरात सेट घेतला, तिथे आम्ही जातो, एप्रन घालतो आणि करून दाखवतो. शेजारणी जमतात. चहा होतो, पनीर भाजलं जातं, एखादीने तिथेच ऑर्डर दिली तर सेठ खूश.

उल्हासनगरात एका घरी गेलो होतो. खोल्या दोनच, खिडक्या बंद, एसी लावलेला. मी ग्रिल पॅन चांगला तापवला आणि मॅरिनेट केलेलं पनीर टाकलं. जो धूर झाला म्हणता! ग्रिल पॅनला धूर होतोच, म्हणून खिडकी उघडायला सांगतो आम्ही. पण यजमानीणबाई एसी बंद करायला तयार नाहीत. पाच मिनिटांत कोणाचं तोंड कोणाला दिसेना. बायका पदर नाकाला लावून खोकतायत आणि मी आपली चालूच, "बघा, पट्टे किती सुंदर उठलेत!"

इतक्यात कोपऱ्यातल्या पलंगावरची गोधडी हलली. आम्हाला वाटलं होतं नुसतं अंथरूण आहे. आतून यजमानीणबाईंचे सासरे, अंथरुणाला खिळलेले, जिवाच्या आकांताने ओरडले, "अरे थांबा! मी अजून जिवंत आहे!"

धावत जाऊन खिडक्या उघडल्या. म्हातारबाबांना पाणी पाजलं. त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "पोरी, हे लोक घाई करतायत ना?"

मी म्हटलं, "नाही हो बाबा, पनीर आहे." त्यांना काही ते पटलं नाही.

* * *

शेवटी मी शुभांगीला पोलीस चौकीत घेऊन गेले. तिची हिंमत होत नव्हती, माझं तोंड मोठं, म्हणून मी. तिथली मॅडम चांगली होती, खोटं कशाला सांगू. बसायला दिलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"तक्रार तुम्हीही देऊ शकता, मावशी," ती म्हणाली. "आम्ही जाऊ, विचारू. पण तुमची मुलगी नवऱ्यासमोर म्हणाली की मला काही झालेलं नाही, तर पुढे काय? आणि आम्ही परत आल्यावर त्या घरात तिचं काय होईल? तिला एकदा बोलू दे. चार लोकांसमोर बोलली तर अजून चांगलं."

शुभांगी डोळे पुसत उठली. तेवढ्यात मॅडमची नजर तिच्या गळ्यातल्या दुकानाच्या कार्डावर गेली.

"तुम्ही भांड्यांच्या दुकानात का? बरं झालं भेटलात. मला ओव्हनमध्ये चालेल असं स्किलेट घ्यायचंय, कुठलं घेऊ?"

मी म्हटलं झालं, आता शुभांगी फुटणार. पण शुभांगी परत खुर्चीवर बसली आणि सांगायला लागली! दांडी लोखंडाची बघा मॅडम, झाकणाची गुंडी स्टीलची बघा, तुमच्या ओव्हनच्या आतलं माप आधी घ्या, दांडीसकट घ्या, नाहीतर दार लागत नाही. डोळ्यांतून पाणी वाहतंय, नाक पुसतेय आणि सांगतेय. मॅडम मान हलवून हलवून ऐकत होती. मध्येच तिने शुभांगीच्या पाठीवर हात ठेवला, तरी शुभांगी थांबली नाही.

* * *

आता शेवटचा. हा मी अजून नवऱ्याला पण नीट सांगितलेला नाही.

एका सकाळी दुकानाचा फोन वाजला. कंपनीचा माल कोणी कुठूनही घेवो, या भागातले डेमो आमच्याकडेच येतात. पलीकडे ठसक्यातला बायकी आवाज. "प्रदर्शनात ओव्हन आणि पॅनचा सेट घेतलाय आम्ही. डेमो फ्री आहे ना? रविवारी पाठवा. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या जणी येणार आहेत, नीट करता येणारी माणसं पाठवा."

पत्ता लिहिता लिहिता माझा हात थांबला. बदलापूर, तो टॉवर, तो फ्लॅट. आडनाव भोईर. अश्विनीची सासू!

"छा थ्यो?" सेठने सिंधीत विचारलं. काय झालं म्हणून. मी सांगितलं. सेठने बडीशेप तोंडात टाकली.

"डेमो तो देना पड़ेगा," तो म्हणाला. "दोघी जा. पर शुभांगी, झगडा नको हां. दुकान का नाम है." मग हळूच, दुसरीकडे बघत म्हणाला, "और रिक्शा मत करना. अपना टेम्पो ले जाओ."

"एवढ्याशा पिशवीला टेम्पो कशाला, सेठ?"

"ले जाओ, ले जाओ," म्हणाला आणि बिलं चाळायला लागला.

रविवारी दार सासूनेच उघडलं. अगदी ओठभर हसू घेऊन. विहीणबाईंना एप्रनमध्ये बघितलं आणि ते हसू तसंच चिकटून राहिलं, कारण मागे सोफ्यावर, खाली सतरंजीवर, सगळ्या मजल्याच्या बायका येऊन बसलेल्या. आता दार लावायचं तरी कसं?

"नमस्कार मॅडम," शुभांगी म्हणाली. "डेमोसाठी आलोय."

"या... या ना," सासू म्हणाली.

शुभांगीने दिला तसा डेमो मी आयुष्यात बघितला नव्हता. आवाज खणखणीत. दांडी कशी बघायची, कोटिंग किती आचेला टिकतं, रेघा उंच असलेला ग्रिल पॅन का घ्यायचा. मी पनीर टाकलं, खिडकी आधीच उघडली होती. शुभांगीने बिडाचं स्किलेट हातोहात फिरवायला दिलं. बायका घेत होत्या, "बाई गं, केवढं जड!" करत पुढे देत होत्या. शुभांगीचे डोळे सारखे आतल्या खोलीच्या दाराकडे.

पुढेच बसलेल्या देसाईकाकूंनी विचारलं, "अहो वहिनी, सून कुठंय? वापरणार ती आणि बघतोय आम्ही!"

"ती आत आहे. तिला नाही आवड," सासू म्हणाली.

"आवड कशी नाही? ए अश्विनी! ये गं बाहेर!"

अश्विनी आली. केवढीशी झाली होती ती! पूर्ण बाह्यांचा ड्रेस, उजव्या हातावरून ओढणी घेतलेली. समोर आई दिसली तशी जागीच थांबली. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. सतरंजीच्या कडेला उभी राहिली. स्किलेट फिरत फिरत तिच्यापर्यंत आलं आणि तिने डावा हात पुढे केला.

सासूला राहवेना. सगळ्या जणी बसलेल्या, सुनेला वळण लावतेय हे दाखवायला नको? "डाव्या हाताने काय घेतेस गं? वस्तू उजव्या हाताने घ्यावी, एवढंही शिकवलं नाही का माहेरी?" आणि असं म्हणून शुभांगीकडे बघून हसली.

माझ्या हातात सांडशी होती, ती मी आवळून धरली. आता काही बोलले तर डेमोचं भांडण होईल आणि पोर परत "असंच" म्हणून आत जाईल, एवढं मला कळत होतं. पनीर तव्यावर चुरचुरत होतं.

"जड आहे गं बाळा, दोन्ही हातांनी घे," देसाईकाकू म्हणाल्या.

"जड नाहीये काकू," अश्विनी म्हणाली. "माझा हात मोडलाय."

"अगंबाई! कधी?"

"गणपतीच्या आधी."

"पडलीस?"

"नाही. पिरगळला."

"कोणी?"

लग्नात उखाणा घेताना हिने लाजून लाजून अर्धा तास लावला होता, मी स्वतः होते तिथे. आता तिने मान वर केली आणि सरळ सांगितलं, "सचिनने. दवाखान्यात नेलं नाही. सासूबाईंनी घरीच पट्टी बांधली, म्हणाल्या बाहेर कळायला नको."

तिने ओढणी बाजूला केली. मनगट वाकडंच जुळलं होतं. एका बाईने तोंडावर हात घेतला. कोणीतरी गॅस बंद केला, मी नाही केला.

शुभांगी उठली. मला वाटलं आता ओरडेल, सासूच्या अंगावर जाईल. ती पोरीजवळ गेली, तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चप्पल घाल गो बाय."

सासू धावत दारात आली. सुनेकडे बघत नव्हती, सतरंजीवरच्या बायकांकडे बघत होती. "अहो, असं काय करता! सगळ्या जणी मुद्दाम आल्यात. डेमो अर्धाच राहिला की!"

देसाईकाकूंनी गुडघ्यावर हात टेकला आणि सावकाश उठल्या.

"राहू द्या हो वहिनी. चौकीत सांगण्यापुरतं आम्ही सगळ्यांनी बघितलंय."